विसरायला लागणारा वेळ

चुंबक तापवलं किंवा जोरात आपटलं की त्याचं चुंबकत्व जातं, हे आपण शाळेत शिकतो. गाळलेली जागा भरण्यापुरतं ते लक्षात राहतं आणि मग राहतही नाही. एखाद्या मुलीनं हात वर करून विचारलं असतं, की सर, जातं म्हणजे किती वेळात जातं, तर सर क्षणभर थांबले असते आणि ‘हळूहळू’ असं म्हणून पुन्हा फळ्याकडे वळले असते. त्यात त्यांचं काही चुकलं नसतं. विसावं शतक संपायला चार वर्षं उरली होती, तोवर या प्रश्नाचं नीट उत्तर जगात कुणाकडेच नव्हतं.

प्रश्न वाटतो त्याहून खोल आहे. शेगडीवर चुंबक तापायला पाच मिनिटं लागतात, पण ती पाच मिनिटं शेगडीची. धातूचा स्वतःचा वेळ किती? उष्णता अगदी एका झटक्यात आत घालता आली, तर आत एका दिशेला तोंड करून उभ्या असलेल्या त्या अगणित इलेक्ट्रॉनांना आपली दिशा विसरायला किती अवकाश लागेल?

किती तापवायचं, हे मात्र फार आधी कळलं होतं. पिएर क्यूरी यांनी १८९५मध्ये आपल्या प्रबंधात याच विषयाचा पिच्छा पुरवला होता. प्रत्येक चुंबकीय धातूची एक तापमानाची वेस असते, ती ओलांडली की चुंबकपण संपतं. लोखंडाची वेस ७७० अंश सेल्सिअसला, निकेलची साधारण ३५८ला, कोबाल्टची अकराशेच्याही पुढे. आणि गॅडोलिनियम नावाच्या एका रुपेरी धातूची अवघ्या २० अंशांना! म्हणजे महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या पहाटे हा गडी लोहचुंबकाच्या पंक्तीला बसणार आणि मुंबईच्या मे महिन्यात त्याला कुणी ओळखही देणार नाही. या गॅडोलिनियमकडे मी परत येणार आहे. माझा त्याच्यावर जरा जास्तच जीव आहे.

तर, किती वेळात. उत्तर शोधायचं म्हणजे आधी तितकं बारीक घड्याळ हवं, आणि ते प्रकाशाचंच करावं लागतं. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक पद्मांश, एकावर पंधरा शून्यं. एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद मावतात तितके सेकंद मोजायचे म्हटले, तर ३ कोटी १७ लाख वर्षं बसावं लागेल. सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश एका फेम्टोसेकंदात मायक्रोमीटरचा तिसरा हिस्साही पुरा चालत नाही. त्यामुळे ६० फेम्टोसेकंद टिकणारा लेझरचा स्पंद जर वाटेत गोठवून पाहता आला, तर तो किरण दिसणारच नाही. ती असेल प्रकाशाची एक चकती, १८ मायक्रोमीटर जाडीची, हवेतून सपाट धावत येणारी. किरण म्हटलं की डोळ्यांसमोर लांबलचक सरळ रेघ येते; इथे त्या रेघेला लांबीच नाही, नुसती रुंदी आहे. मला हे चित्र फार दिवस पुरलं.

असे दोन स्पंद लागतात. पहिला जोरकस, तो धातूवर आदळतो. दुसरा मवाळ, तो थोड्या उशिरानं येतो आणि काय झालं ते पाहून परततो. उशीर कसा करायचा? कुठलंही यंत्र इतक्या लवकर उघडझाप करू शकत नाही. म्हणून दुसऱ्या स्पंदाला लांबच्या वाटेनं पाठवतात. वाटेतला आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवला की जायला-यायला मिळून ०.३ मिलिमीटर अंतर वाढतं आणि स्पंदाला बरोबर एक पिकोसेकंद, म्हणजे हजार फेम्टोसेकंद, उशीर होतो. आरसा सरकवत जायचं, पुन्हा पुन्हा तोच प्रयोग करायचा, आणि बिंदू-बिंदूंनी एक आलेख उमटवायचा. वेळ मोजायला इथे काटा नाही, लंबक नाही, फूटपट्टी आहे. अशी मांडणी आपल्याकडेही आहे. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय केंद्रात चुंबकीय थरांवर या तऱ्हेनं वर्षानुवर्षं काम चाललं आहे.

परतणारा स्पंद चुंबकत्व कसं वाचतो, ही गोष्ट त्याहून जुनी. १३ सप्टेंबर १८४५ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी शिसं घातलेल्या जड काचेच्या तुकड्यातून ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंपणारा, प्रकाश सोडला, शेजारी विद्युतचुंबक ठेवला आणि प्रकाशाच्या कंपनाची दिशा किंचित वळलेली पाहिली. चुंबकाला प्रकाशाशी काही देणंघेणं आहे, हे माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. पुढे १८७७च्या सुमारास ग्लासगोतल्या एका शिक्षक-विद्यालयात गणित शिकवणाऱ्या जॉन कर यांना दिसलं, की चुंबकाच्या घासून चकचकीत केलेल्या ध्रुवावरून परतणारा प्रकाशही असाच वळतो. जितकं चुंबकत्व जास्त, तितकं वळण जास्त. एकशे वीस वर्षांनी त्या वळणाचं चीज झालं.

१९९६मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला एरिक बोरपेर, जाँ-ईव्ह बिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलचा २२ नॅनोमीटर जाडीचा थर घेतला. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे तीनेक हजार थर सहज बसावेत. त्यावर ६० फेम्टोसेकंदांचे स्पंद पाडले. त्या वेळची समजूत अशी होती, की उष्णता आधी इलेक्ट्रॉनांकडे जाईल, मग अणूंच्या जाळीकडे आणि तिथून सावकाश स्पिनांकडे, म्हणजे ज्यातून चुंबकत्व येतं त्या इलेक्ट्रॉनांच्या दिशांकडे. त्याला दहा, शंभर पिकोसेकंद लागतील. प्रत्यक्षात पहिलाच पिकोसेकंद सरायच्या आत निकेलचं चुंबकत्व झपाट्यानं घसरलं होतं. अणूंना हलायलाही धड सवड मिळाली नव्हती. जाळी अजून थंड होती, आणि चुंबक मंदावला होता.

इथे ‘तापमान’ ही आपल्या रोजच्या भरवशाची गोष्टच हातातून निसटते. ताप आला की काखेत थर्मामीटर लावून आपण एक आकडा वाचतो आणि तो सगळ्या अंगाचा धरतो. त्या पहिल्या पिकोसेकंदात निकेलच्या एकाच तुकड्यात तीन निरनिराळी तापमानं नांदत असतात. इलेक्ट्रॉन हजारावर अंशांनी पेटलेले, स्पिन त्यांच्या मागोमाग, आणि अणूंची जाळी अजून खोलीच्या हवेइतकी. मग ती तिघं एकमेकांशी देवघेव करत एका आकड्यावर येतात, आणि तेव्हा कुठे ‘निकेलचं तापमान’ या शब्दांना अर्थ येतो. माझ्या मते स्ट्रासबुर्गचा खरा धक्का हाच होता. वेगाचा आकडा सगळ्यांच्या तोंडी झाला खरा, पण एका वस्तूचं एकच तापमान असतं हा आपला समज किती स्वस्तात मिळालेला आहे, ते त्या आलेखानं दाखवलं.

आणि त्या आलेखानं एक थकबाकीही मागे ठेवली. चुंबकत्व म्हणजे इलेक्ट्रॉनांचं स्पिन, आणि स्पिन म्हणजे कोनीय संवेग, फिरण्याचा जोर. कोनीय संवेग निसर्गात कुठेही नाहीसा होत नाही; एका खात्यातून गेला तर दुसऱ्या खात्यात जमा व्हावाच लागतो. निकेलनं पिकोसेकंदात चुंबकत्व गमावलं, ठीक आहे, पण गेलं कुठे? प्रकाशाच्या कणांनी नेलं म्हणावं, तर स्पंदातल्या कणांची ती ऐपतच नाही. आईन्स्टाईन आणि डच भौतिकशास्त्रज्ञ दे हास यांनी १९१५मध्ये बर्लिनला दोऱ्यानं टांगलेली लोखंडी कांडी तारेच्या वेटोळ्यात ठेवून तिचं चुंबकत्व उलटवलं होतं, आणि ती कांडी आपल्याभोवती फिरू लागली होती. स्पिननं टाकलेलं अख्ख्या कांडीनं उचललं होतं. पण सबंध कांडी फिरणं वेगळं. फेम्टोसेकंदांत कोण फिरणार?

या थकबाकीवर पंचवीस वर्षं वाद झाला आणि वादाला धार होती. स्वीडनमधल्या उप्सालाच्या सिद्धान्तकारांनी २०१०मध्ये म्हटलं, की स्पिन मरत नाही, पळून जातं. तापलेले इलेक्ट्रॉन आपलं स्पिन घेऊन शेजारच्या थरात शिरतात. ते घडतं, हे पुढे दिसलंही. मात्र सगळा हिशेब त्यानं लागेना. २०१९मध्ये झुरिचच्या एका गटानं लोखंडाच्या पातळ थरावर क्ष-किरणांनी पाहिलं, तेव्हा गेलेल्या संवेगातला सुमारे ८० टक्के भाग २०० फेम्टोसेकंदांच्या आत अणूंच्या जाळीत पोचलेला निघाला. आणि २०२२मध्ये जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात निकेलमधून इलेक्ट्रॉनांचे स्पंद पाठवून अणूंच्या हालचाली टिपल्या, तर अणू पुढे-मागे डुलत नव्हते, आपापल्या जागेभोवती छोटी वर्तुळं काढत होते. आईन्स्टाईन-दे हास यांची कांडी अखंड फिरली होती. इथे प्रत्येक अणू आपल्यापुरता फिरत होता. हे वाचल्यावर मला कितीतरी वेळ दुसरं काही सुचलं नाही. चुंबक आपली दिशा विसरतो, आणि ती विसरलेली दिशा अणूंच्या गिरक्या होऊन धातूतच हिंडत असते.

विसरायला लावणं जमलं. पण विसरायला लावणं म्हणजे ताबा मिळवणं नव्हे. ताबा म्हणजे हवी तेव्हा हवी ती दिशा देता येणं. चुंबकाला दिशा द्यायची तर दुसरं चुंबकीय क्षेत्र लागतं, हा आपला अनुभव. होकायंत्राच्या सुईपासून संगणकाच्या हार्ड डिस्कपर्यंत सगळीकडे हेच.

आपल्या सह्याद्रीचीही हीच कथा. फुटक्या स्पीकरमधलं काळं चुंबक दोऱ्याला बांधून ओढ्याच्या वाळूतून फिरवलं की त्याला काळ्या कणांची दाढी फुटते, हा खेळ गावाकडच्या पुष्कळ पोरांनी खेळला असेल, मीही खेळलो. ‘लोखंडाचा कीस’ म्हणायचो आम्ही. तो असतो मॅग्नेटाइट, बेसाल्ट झिजून सुटलेला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थिजू लागला तेव्हा हे कण प्रचंड तापलेले होते आणि त्यांना कुठलीच दिशा नव्हती. शुद्ध मॅग्नेटाइटची क्यूरी वेस ५८० अंशांच्या आसपास. त्याखाली उतरता उतरता त्यांनी त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरली आणि आजवर सोडलेली नाही. गंमत अशी, की ती दिशा आजच्या उलट आहे. पश्चिम घाटाच्या उभ्या कड्यांचा मोठा भाग उलट्या ध्रुवतेचा आहे. महाबळेश्वरच्या वरच्या थरांत पोचेपर्यंत पृथ्वीनं कूस बदललेली असते आणि खडक सुलट होतात. १९५०च्या दशकात लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचे जॉन क्लेग आणि त्यांचे सहकारी, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले अभ्यासक यांनी हे दगड मोजले, तेव्हा त्यांच्या चुंबकत्वाच्या कलावरून हेही उमगलं, की लाव्हा ओतला जात होता तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. (मुंबईकरांची चुंबकीय आठवण अलीकडचीही आहे. विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४मध्ये अलिबागला हलवावं लागलं, आणि तिथली इमारत पोरबंदरच्या दगडाची बांधली, कारण आपला काळा दगड सुईला स्वस्थ बसू देत नाही.)

पृथ्वीला अशी कूस बदलायला काही हजार वर्षं लागतात. खडकाला तितका वेळ लागला नाही, पण दिशा त्याला बाहेरूनच घ्यावी लागली. तापलेला दगड स्वतःहून काही ठरवत नाही. वर जे क्षेत्र असेल ते मुकाट्यानं स्वीकारतो.

म्हणून २००७ची बातमी विलक्षण होती. नेदरलंड्समधल्या नायमेगनला थिओ रासिंग यांच्या प्रयोगशाळेत डॅनियल स्टान्चू, अलेक्सेई किमेल, आंद्रेई किरिलुक आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी गॅडोलिनियम, लोह आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूच्या पातळ थरावर ४० फेम्टोसेकंदांचे स्पंद पाडले. हे स्पंद वर्तुळाकार ध्रुवित होते, म्हणजे प्रकाशाचं विद्युतक्षेत्र मळसूत्रासारखं उजवीकडे किंवा डावीकडे वळत पुढे जाणारं. उजव्या वळणाच्या प्रकाशानं थर एका दिशेला चुंबकित झाला, डाव्या वळणाच्या प्रकाशानं दुसऱ्या. जवळ दुसरं कुठलंही चुंबक नव्हतं. नुसत्या प्रकाशानं चुंबकाला उलटं केलं होतं.

स्पष्टीकरणही अगदी हाताशी होतं. प्रकाशाची फिरकी स्पिनला ढकलते! फॅरडेचाच परिणाम उलट्या बाजूनं. वळता प्रकाश एखाद्या चुंबकीय क्षेत्रासारखा वागू शकतो, हे १९६५मध्ये प्रयोगानं दिसलंही होतं, आणि २००५मध्ये याच नायमेगनच्या मंडळींनी डिस्प्रोशियमच्या एका स्फटिकात त्या परिणामानं स्पिनांना झुलवून दाखवलं होतं. सुंदर कल्पना. प्रकाश हुकूम देतो, चुंबक मानतो. इतकं सुबक स्पष्टीकरण मिळालं की माणूस तिथेच आसन मांडतो, आणि मला त्यांना दोष देववत नाही.

पण गॅडोलिनियमच्या मनात वेगळंच होतं. या मिश्रधातूत लोखंडाचे स्पिन एका दिशेला असतात आणि गॅडोलिनियमचे नेमके उलट्या. दोघांचं वैर नाही. असं पाठीला पाठ लावून उभं राहणं हीच त्यांची सोयरीक आहे. २०११मध्ये बर्लिनच्या बेसी सिंक्रोट्रॉनवर इलिये राडू आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरण असे लावले, की लोखंड वेगळं दिसावं आणि गॅडोलिनियम वेगळं. स्पंद पडला. लोखंडानं आपली दिशा साधारण ३०० फेम्टोसेकंदांत गमावली. गॅडोलिनियमला मात्र दीड पिकोसेकंद लागले. उष्णता एकच, स्पंद एकच, घरही एकच, पण विसरण्याचा वेग निराळा. आणि या दोहोंच्या मधल्या फटीत जे घडलं त्याची कुणाला कल्पना नव्हती. लोखंड शून्यावर पोचून थांबलं नाही. ते शून्य ओलांडून पलीकडे गेलं आणि गॅडोलिनियमच्याच दिशेला तोंड करून उभं राहिलं. जेमतेम एक पिकोसेकंद, जन्मभर पाठमोरे असलेले दोघं एकाच बाजूला पाहत होते. मग गॅडोलिनियमही उलटलं, आणि पुन्हा पाठीला पाठ लागली. फक्त बाजू बदललेल्या.

लोखंड पलीकडे का गेलं, याचं उत्तर त्या जुन्या हिशेबात आहे. गॅडोलिनियम सावकाश आपला कोनीय संवेग टाकत असतं. ते टाकलेलं कुणीतरी उचलायला हवं. शेजारी रिकामा झालेला लोह उभा असतो. तो उचलतो. आणि जे उचलतो ते गॅडोलिनियमच्या दिशेचं असल्यामुळे त्याची नवी दिशा तीच होते. सावकाश विसरणारा शेजारी, लवकर विसरलेल्याला दिशा देऊन जातो.

एवढं कळल्यावर पुढचा प्रश्न अटळ होता. यात प्रकाशाच्या वळणाचं काम काय उरलं? २०१२मध्ये यॉर्कचे थॉमस ऑस्लर, नायमेगनची मंडळी आणि इतरांनी आकडेमोड आणि प्रयोग दोन्ही करून सांगितलं, की काही नाही. उजवं-डावं वळण नको, बाहेरचं क्षेत्र नको. साधा ध्रुवित प्रकाश पुरे, कारण लागते ती नुसती उष्णता, पुरेशा वेगानं घातलेली. मग २००७मध्ये उजवा-डावा फरक का पडला होता? चुंबकित थर एका वळणाचा प्रकाश दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त शोषतो म्हणून. स्पंदाची ताकद नेमकी काठावर ठेवली, तर एका वळणाला तो काठ ओलांडला जातो आणि दुसऱ्याला नाही. ज्याला आपण हुकूम समजलो तो शोषणातला थोडासा फरक होता.

उष्णतेला दिशा नसते. उष्णता म्हणजेच दिशाहीनता, ज्याला त्याला वाटेल तिकडे हलायची मुभा. आणि तिच्यापोटी निघालं काय, तर अचूक, दर वेळी, बरोबर उलट. मी हे पुन्हा पुन्हा पडताळून पाहतो आणि दर वेळी थोडं दचकतो. सह्याद्रीच्या दगडाला दिशा वरून मिळाली. या मिश्रधातूला ती बाहेरून मिळाली नाही, प्रकाशानं दिली नाही. ती दोघांच्या विसरण्यातल्या तफावतीतून आली. सगळे एकाच वेगानं विसरले असते, तर हाती नुसता गोंधळ उरला असता.

व्यवहाराची माणसं इथे हसतील. त्यांना हवं असतं ते लिहिणं. १९५६च्या आयबीएमच्या पहिल्या हार्ड डिस्कपासून आपण चुंबकानं चुंबकावर लिहीत आलो, आणि आता बाजारात आलेल्या नव्या डिस्कमध्ये लेझरही बसला आहे. पण तो तिथे हरकाम्या आहे. लोह-प्लॅटिनमचा एक बारीकसा ठिपका नॅनोसेकंदभर तापवून मऊ करायचा, एवढंच त्याचं काम. दिशा द्यायला चुंबकाचं टोक असतंच. नुसत्या प्रकाशानं लिहायचं तर गॅडोलिनियमची एक खोड आडवी येते. स्पंद पडला की उलट, एवढंच त्याला ठाऊक. शून्य होतं तर एक होतं, एक होतं तर शून्य. म्हणजे एक लिहायचा असेल, तर आधी तिथे काय आहे ते वाचायला हवं, नाहीतर चांगला लिहिलेला एक पुसला जायचा. उलट लोह-प्लॅटिनम आणि कोबाल्ट-प्लॅटिनमचे थर प्रकाशाचं उजवं-डावं वळण मानतात, हे २०१४मध्ये सॅन दिएगो आणि नान्सीच्या गटांनी दाखवलं, पण ते एका स्पंदात सहसा वळत नाहीत, अनेक स्पंद घालावे लागतात. वेग पाहावा तर निवड नाही, निवड पाहावी तर वेग नाही. यातून वाट काढणारा एक पदार्थ २०१७मध्ये पोलंडमधल्या बियालिस्टोकला सापडला. कोबाल्ट मिसळलेला पारदर्शक गार्नेट. त्याला स्पंद एकच लागतो, तापायचं जवळजवळ कारण नसतं, आणि प्रकाशाच्या कंपनाची दिशा जशी वळवाल तसं शून्य किंवा एक लिहिलं जातं. व्यवहाराच्या दृष्टीनं गार्नेट शहाणा, यात शंका नाही. उद्या प्रकाशानं लिहिणारी यंत्रं झाली, तर ती बहुधा त्याच्याच वाटेनं जातील. त्याला सांगितलं तसं तो करतो. मला मात्र अजून गॅडोलिनियमबद्दलच वाचावंसं वाटतं, ज्याला कुणी काहीच सांगितलेलं नसतं.